दोन पोती अक्का

माझ्या थोरल्या बहिणीचं वजन दोन पोती भाताएवढं आहे, असं मी एका सकाळी ठरवून टाकलं. तिला विचारलं नव्हतं. मोठ्या बहिणीला वजन विचारण्याइतका शूर माणूस आमच्या शेणव्यात तेव्हा नव्हता, आणि मी तर लढाईच्या काळात लष्करात असूनही कल्याणच्या पुढे गेलो नव्हतो. (वर्कशॉपमध्ये होतो. तीन वर्षं. कोठारात, नट मोजायला.)

लढाई संपल्यावर लष्करानं जुनं सामान लिलावात काढलं, त्यात मी एक जीप घेतली. इंजिन धडधाकट होतं, ब्रेक मनात आलं तर लागत होते, पण मागच्या चाकांवरची दोन्ही शॉकअब्सॉर्बरची नळकांडी कुणीतरी काढून नेली होती. गाडी नुसत्या लोखंडी पाट्यांवर चालायची. म्हणजे एक खड्डा लागला की पुढचे चार खड्डे ती आपल्या मनानंच घ्यायची.

हे सगळं चाललं असतं, पण लग्नाला आठ वर्षं झाल्यावर आम्हाला मुलगी झाली. बारसं आलं, आणि नाव ठेवायला आत्या हवी. आत्या म्हणजे माझी अक्का, मुरबाडपलीकडे वैशाखऱ्याला दिलेली. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि अक्का तेरा. तिच्या कडेवरून मी उतरलो तो थेट तिच्या लग्नात. तिला स्वतःला मूल झालं नाही. या पोरीचं नाव तिनंच ठेवावं असं मला फार फार वाटत होतं. पण अक्काचा निरोप आला होता:

“गेल्या दिवाळीला तुझ्याकडं बैलगाडीनं आले आन् पंधरा दिवस कंबर शेकत बसले. आता वाटंत एक जरी हादरा बसला तरी तिथूनच मागं फिरीन. मंग ठेवा तुमचं तुमी नाव.”

मी कल्याणच्या भंगारातून एका मोठ्या लॉरीची तीन नळकांडी पैदा केली. नळीत नळी, आत तेल. चाक वर आलं की मिटायचं, खाली गेलं की उघडायचं, आणि दोन्ही वेळा सावकाश. हे सावकाश कसं होतं ते बघायला मी त्यातलं एक उघडलं आणि अर्धा दिवस तेलात माखून बसलो. कळलं काहीच नाही, पण फार आवडलं. (म्हणूनच तीन आणली होती. मला मी ठाऊक होतो.)

नळकांड्याची दोन टोकं धरायला लोखंडी कान हवे होते. ते करायला धर्मा लोहाराला बोलावलं. धर्मानं नळकांडं दोनदा दाबलं, दोनदा ओढलं आणि विचारलं, “खालचा कान कण्यावर. वरचा कुठं मारू?”

“चासीसला. गाडीच्या सांगाड्याला.”

“ते कळलं. पन किती उंचीला? फार वर मारला त हे सदा उघडंच राहील, अजून उघडायला जागा नाय. फार खाली मारला त मानसं बसताच मिटून जाईल.”

“मग मधोमध मार.”

“मधोमध कवा? गाडी रिकामी असताना, का भरलेली असताना?”

कोठारातल्या तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी विचार करतोय असं दाखवत थोडा वेळ जीपभोवती फिरलो. “भरलेली असताना,” मी म्हणालो.

“मागं कोन बसनार?”

“अक्का.”

“मंग अक्काला आना, बसवा, मी मारतो कान.”

पण अक्काला आणण्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं! तेव्हा अक्काच्या जागी भाताची पोती ठेवायचं ठरलं. प्रश्न एवढाच उरला की किती.

“एक पोतं,” माझी बायको यमुना दारातून म्हणाली. “वर फार त पायलीभर. आठवड्यात तीन उपास करतात त्या.”

“तुला काय ठाऊक?” मी म्हणालो. “मी तिच्या कडेवर वाढलोय.”

आता चार वर्षांच्या पोराला तेरा वर्षांची बहीण केवढी दिसत असेल, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे अक्का उभी राहायची ती आढ्याला टेकूनच. मी दोन पोती घातली, धर्मानं कान मारले, आणि बारशाच्या घाईत यमुनेनं तीच पोती कांडायला पाठवू नयेत म्हणून मी त्यांच्यावर कोळशानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: अक्का १, अक्का २.

चार दिवस आमच्या घरात भलतंच बोलणं चाललं. “अवो, कोंबडी अक्कावर चढलीय.” “दुसऱ्या अक्काला उंदरानं कुरतडलंय, सांडतीय ती.” यमुनेनं तांदळाच्या चिकट पिठाचं कडं नळकांड्याच्या आतल्या दांड्यावर बसवून दिलं, म्हणजे नळकांडं मिटेल तसं ते सरकेल. शेतातनं फिरून आलो की ते किती सरकलं ते मी आणि धर्मा जमिनीवर पालथे पडून बघायचो. कापणी झालेली होती, त्यामुळे बांधावरून, चरातून, वाटेल तशी गाडी घातली. मागं पाण्याची भरली कळशी ठेवली तर ओंजळभरसुद्धा सांडलं नाही. धर्मा म्हणाला, “दादा, ही पालखी झाली.” त्या दिवशी मी स्वतःला इंजिनीअर समजत होतो, हे कबूल करतो.

बारशाच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. जाताना पोती बरोबर घेतली, कारण अक्का नसताना गाडीत अक्का हवीच होती. किन्हवली, सरळगाव, टोकावडे असं करत लोण्यासारखा वैशाखऱ्याला पोहोचलो. अक्का ओट्यावर नटूनच बसली होती. पोती कशी लपवावीत या विचारात मी होतो, तोवर ती उठून जीपजवळ आली आणि तिनं वाचलं. (चौथी पास होती. तेवढ्यावर भागलं.)

“अक्का एक, अक्का दोन,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. “माझ्यासाठी भात आनलंस? वर नाव घालून?”

मी काय म्हणणार? म्हणालो, “हो.”

“बघा गो, माझा भाव बाळू आला! माहेरचं भात घेऊन आला!” सगळी आळी गोळा झाली. पोती उतरवून ओट्यावर मांडली, त्यांना हळदकुंकू लावलं. मला गूळ दिला. तो मी खाल्लाही. एवढं खोटं मी कोठारातसुद्धा कधी बोललो नव्हतो.

अक्का मागं बसली, आम्ही निघालो, आणि पहिल्याच दगडाला मागनं ‘ठण्’ झालं. पुढच्या दगडाला पुन्हा ठण्. गाडी मागनं लाथा झाडायला लागली. अक्का एका हातानं कंबर आणि दुसऱ्या हातानं माझी कॉलर धरून होती. टोकावड्याच्या अलीकडच्या ओहोळात उतरलो तेव्हा मोठा आवाज झाला, डाव्या बाजूचा वरचा कान उपटला आणि नळकांडं चाकाशेजारी लोंबायला लागलं.

अक्का खाली उतरली. पिशवी घेतली आणि वैशाखऱ्याकडे चालू लागली.

“अक्का, थांब गं!”

“सांगितलं व्हतं मी.”

“पोरीचं नाव कोण ठेवणार?”

“तिचा बाप ठेवील. लई हुशार हाये.”

ती खरंच जात होती. घाबरलेला माणूस खरं बोलतो तसं माझ्या तोंडून निघालं, “तुझी कंबर गाडीनं नाही दुखावली! त्या पोत्यांनी दुखावली!”

अक्का थांबली. “कुठल्या पोत्यांनी?”

मग मला सगळं सांगावं लागलं. ती पोती म्हणजे माहेरचं भात नव्हतं, तिचं माप होतं, हे ऐकताना तिचा चेहरा जो झाला तो मी आजही विसरलो नाही. मी मान खाली घालून उभा राहिलो. पण अक्काही माझीच बहीण. रागाच्या आधी तिच्या डोक्यात दुसरंच आलं.

“मंग दोन पोत्यांवर गाडी मऊ चालली, आन् माझ्यावर का नाय?”

मी तिला ओहोळाच्या काठावर वाकवून गाडीखालचं दाखवलं. उजवं नळकांडं पार उघडून ताणलेलं होतं. “मागं भार कमी पडला, म्हणून गाडी वर उचललेली राहिली. हे पूर्ण उघडलं. चाक खड्ड्यात गेलं की याला आणखी उघडायला जागाच नाही, मग ते कान ओढतं. ओढून ओढून…”

“थांब.” अक्का सरळ झाली. कंबरेवरचा हात तिनं काढला होता. “म्हंजे मी हलकी, म्हनून गाडी मोडली?”

“हो.”

“पुन्ना सांग.”

“तू हलकी आहेस म्हणून गाडी मोडली, अक्का.”

ती काठावरच्या दगडावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. “सासूबाई जल्मभर मला भाताची कणगी म्हनाल्या रे. आज असत्या त त्यांना इथं आनून वाकवून दाखवलं असतं.” मग डोळे पुसून म्हणाली, “आता काय करायचं?”

“मागं भार घालायला हवा.”

“किती?”

तिच्याकडे न बघता मी ओहोळातले दगड बघू लागलो.

“दोन अक्कांतून एक अक्का गेली, उरली किती? एक. घाल.”

मी तुटलेलं नळकांडं सोडवून काढलं आणि ओहोळातले दगड एकेक करून जीपमध्ये चढवले. अक्का दगडावर बसून देखरेख करत होती. “अजून माझा डावा हात व्हायचाय,” ती म्हणायची. शेवटी तिनं वाकून उजवं नळकांडं स्वतः तपासलं, “आता मी बसले की व्हईल मधोमध,” म्हणाली आणि चढली. शेणव्यापर्यंत ठण् असा आवाज एकदाही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कानं पोरीच्या कानात कुर्र केलं आणि आमच्या आईचं नाव ठेवलं. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, तेही तिनं हसत सोसले. मी कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले.

पण त्याआधी एक गोष्ट घडली. पोरीला पाळण्यात घालण्याआधी वरवंटा घालतात. वरवंट्याला टोपडं घालून झालं, तेव्हा अक्का म्हणाली, “थांबा. पाळना बाळूनं टांगलाय ना? मंग मला माप घेऊ द्या.” आणि कमरेची एक छोटी पुरचुंडी सोडून तिनं पाळण्यात ठेवली. पुरचुंडीवर कोळशानं लिहिलं होतं: बाळू.

“यात काय आहे?” मी विचारलं.

“भाताची फोलपटं. तुझ्या अकलेएवढी घेतलीत.”

सगळ्या बायका पाळण्याकडे बघत होत्या. मीही, नको असताना, वाकून बघितलं. दोरी जागची हलली नाही. त्या हिवाळ्यात आमच्या घरी घेतलेल्या मापांपैकी तेवढं एकच अगदी बरोबर आलं.