बिनफेरफाराची जीप

माझा थोरला भाऊ चष्मे बनवतो. दिवसभर काचा उजेडात धरून ओरखडे शोधायचे हे त्याचं काम, आणि ही खोड तो संध्याकाळी दुकानात ठेवून येत नाही. भाजीतलं मीठ, बहिणीची साडी, शेजाऱ्याचं कुंपण, काही म्हणून त्याच्या तावडीतून सुटत नाही. अशा माणसाने जुनी जीप घ्यायचं ठरवलं, तेव्हाच मी वहिनीला म्हटलं, "आता काही खरं नाही!"

त्याला हवी होती डोंगर चढणारी जुनी जीप, तीही कारखान्यातून निघाली तश्शी. शिवाय आपल्याच गावातली. लांबून आणलेल्या गाडीचं काय काय झालंय ते कोण सांगणार? सुट्टीच्या दिवशी तो मला सोबत ओढून न्यायचा. एकीचं इंजिन भलत्याच गाडीचं, दुसरीला फुगीर टायर, तिसरीच्या टपावर दिव्यांची रांग. बरं, नको असेल तर नको म्हणून गप निघावं की नाही? छे! मालकाच्या तोंडावर एकेक खोट काढायची. तो गल्लीत शिरला की गॅरेजवाले शटर ओढतात, असं वहिनी म्हणते. थोडं वाढवून सांगते, पण फार नाही.

मग पंपवाल्या आजोबांच्या जीपबद्दल कळलं. पाणीपुरवठ्याच्या पंपावरून निवृत्त झालेले, दोघंच नवरा-बायको. आता लेकीकडे राहायला जाणार होते आणि तिथे गाडी ठेवायला जागा नव्हती. भंगारवाला दारात येऊन गेला होता. आजोबांना मात्र ती कुणीतरी नीट सांभाळावी असं वाटत होतं.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. जुन्या चादरी जोडून शिवलेली खोळ आजोबांनी काढली आणि दादाचा चेहरा असा उजळला, जसा त्याच्या लग्नातही उजळला नव्हता. इंजिन तेच, टप तोच, रंगही पहिलाच. तो खाली वाकून, हात फिरवत, सगळीकडून बघत गेला. आणि डाव्या बाजूला, चढायच्या जागेखाली, त्याला वेल्डिंग केलेली लोखंडी पायरी दिसली.

"एवढ्या चांगल्या गाडीची वाट लावली! कुणा गाढवाचं काम हे?"

"माझंच," आजोबा हसून म्हणाले. "हिचे गुडघे दुखतात, चढता येईना. मग लावली."

आजी मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मला तर तोंड कुठे लपवू असं झालं. दादा मात्र हटायला तयार नाही.

"ते ठीक आहे हो, पण फेरफार तो फेरफार. पायरी काढून दिलीत तर घेतो."

"तुझ्या जिभेला काही हाड?" मी रस्त्यात त्याला झापलं. तो म्हणाला, "खोटं काय बोललो?"

पुढच्या सुट्टीला गेलो, तर पायरी नव्हती. आजोबांनी ती कापून, जागा घासून, वर जुन्या रंगाशी जुळणारा रंग लावला होता. दादा खूश झाला. तेवढ्यात आजी बाहेर आल्या. चांगली साडी, खांद्यावर शाल.

"न्यायच्या आधी एक चक्कर मारून आणा की मला," त्या दादाला म्हणाल्या.

त्यांनी दांडीला हात घातला आणि सवयीने पाय उचलला. पाय खाली काहीतरी शोधत राहिला.

"अगं, काढली ना ती," आजोबा म्हणाले.

"हो की. विसरलेच मी."

दादाचे कान लाल झाले. तो पटकन खाली बसला, एक गुडघा पुढे केला. "माझ्यावर पाय द्या, आजी."

"नको रे बाबा. तुझ्यावर कसा पाय देऊ? राहू दे, खूप फिरले मी हिच्यातून." त्या हळूहळू खुर्चीकडे गेल्या.

दादा उठला नाही. मला त्याची लाज वाटत होती आणि त्याची दयाही येत होती. त्याला रंगच तपासायचाय असं समजून आजोबा लगबगीने शेजारी येऊन वाकले.

"कुठे खूण दिसते का बघा," ते म्हणाले. "दिसली तर सांगा. अजून घासून देतो."