लाल कुलूप

खोबरेल तेलाची बाटली थिजून पांढरीफटक झाली होती. सुचित्राने ती गरम पाण्याच्या वाडग्यात उभी केली आणि नीरजाला पुढ्यात बसवलं. पुण्याला शिकणारी ही लेक सुट्टीसाठी कुवेतमधल्या एगैलाच्या घरी आली होती आणि केसांची पार रया घालवून आली होती. तेल जिरवता जिरवता गप्पा निघाल्या त्या मागच्या शुक्रवारच्या, समुद्रकाठच्या खैरानच्या सहलीवर.

"आणि मग राउंडअबाउटवर बाबांची गाडी अशी गर्रकन फिरली ना! मागचा भाग पुढे. एकदम रोलरकोस्टर!"

सुचित्राचा हात थांबला. "फिरली म्हणजे?"

"चिल, आई. नथिंग हॅपन्ड. वाळूत जाऊन थांबली." आणि मग जीभ चावून, "ओह नो. बाबा म्हणाले होते, आईला सांगू नकोस."

नीरजा अंघोळीला गेली तरी सुचित्रा तेलकट हातांनी तशीच बसून राहिली. गाडी घसरली याचा राग होताच. पण 'आईला सांगू नकोस' हे शब्द डोक्यात जाऊन बसले होते.

कारण हे सांगणारा माणूस होता जयप्रकाश. पेट्रोकेमिकल कंपनीतला सेफ्टी ऑफिसर. रोज सकाळी कामगारांना रांगेत उभं करून हेल्मेट, बूट, हातमोजे तपासणारा. घरातही तेच. झोपण्याआधी गॅसचं बटण स्वतः पाहणार. दिवाळीत पणत्यांशेजारी वाळूची बादली ठेवणार. माळ्यावरचा डबा काढायला सुचित्रा स्टुलावर चढली, तर आधी पायात रबरी बूट घालायला लावणार. एकदा गीझर दुरुस्तीला काढला तेव्हा या गृहस्थाने विजेच्या बोर्डाला कारखान्यातलं लाल कुलूप लावलं, धोक्याची पाटी अडकवली आणि किल्ली खिशात टाकून ड्युटीवर निघून गेला. भर ऑगस्टात. फ्रीजमधलं सगळं नासलं. फोनवर सुचित्राने आकांत केला, तर शांतपणे म्हणाला, "नियम आहे. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो मालक का असेना."

अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर एका कुवेती गृहस्थाची वापरलेली, पिवळीधमक, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली. सुचित्राने कुरकुर केली नाही. नाशिकच्या होस्टेलच्या भिंतीवर लावलेलं अशा गाडीचं चित्र आयुष्यभर उराशी बाळगलेला माणूस, घेऊ दे, असं ती म्हणाली होती. हिवाळ्यातल्या दर शुक्रवारी अशा गाड्यांवाली संग्राम वगैरे मित्रमंडळी उजाडता उजाडता खैरानला निघायची आणि बायका मागून घरच्या मोठ्या गाड्यांतून उपमा, चटणी, चहाचे थर्मास घेऊन पोहोचायच्या. हा रिवाज कुणी पाडला कोण जाणे. पुढे नवरे वेगाची मजा घेणार, मागून बायका त्यांचा नाश्ता वाहून नेणार.

संध्याकाळी तिने चहा पुढे ठेवला आणि सरळ विचारलं.

"गाडी घसरली होती?"

"जरा मागून सटकली. सकाळची वेळ, रस्त्यावर वाळू असते."

"वाळूने सटकली की टायरने? ऑक्टोबरात नवे टायर घातलेत ना?"

"अगं, ते शर्यतीचे टायर आहेत. संग्रामच्या गाडीलाही तेच आहेत. रस्त्याला डिंकासारखे चिकटतात."

"चिकटले असते तर माझी मुलगी वाळूत कशाला गेली असती?"

"तुला त्यातलं काय कळतं?" असं म्हणून त्याने बिस्किट चहात बुडवलं.

ते बिस्किट बुडवणं तिला सहन झालं नाही. ती उठली, मोठ्या गाडीची किल्ली घेतली आणि तडक हवल्ली गाठली.

सिराजचं टायरचं दुकान तिथे होतं. सिराज रत्नागिरीकडचा, तोंडाचा गोड आणि धंद्याला पक्का. तिला पाहताच त्याने खुर्ची पुसली. "या वहिनी. चाय मागवू?"

"चहा नको. ह्यांना तुम्ही कसले टायर विकलेत? गाडी घसरते आहे सकाळी."

सिराजने नजर चुकवली. "टायर एक नंबर आहेत, वहिनी. फक्त थंडीत चालवायचे नाहीत. त्यांचं रबर तापलं की धरतं. सकाळी चार-पाच डिग्रीत ते कडक होतं, प्लास्टिकसारखं. मग पकड कुठून येणार?"

"मग विकताना सांगायला काय झालं होतं?"

"अल्ला कसम, सांगितलं होतं! बोललो, साहेब, जानेवारीत पहाटे फजरच्या टाइमाला फिरणार असाल तर बारमाही टायर घ्या, ऑल सीझन. वेगाच्या गाडीसाठीपण येतात. खास बर्फाचे नकोत, ते आपल्याकडे दुपारच्या उन्हात मऊ पडतात, गाडी डुलते. सगळं बोललो. साहेब हसले. म्हणाले, सिराज, हे कुवेत आहे, काश्मीर नाही."

"आणि तुम्ही विकून मोकळे झालात."

"गिऱ्हाईक मोठं, वहिनी. जास्त बोललो तर समोरच्या दुकानात जाणार."

"हे सगळं तुमची मुलगी शेजारी बसली असती तरी विकलं असतं?"

सिराजने जवळचा टायर उचलून उगाच मांडणीवर ठेवला.

परत येताना सुचित्राने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखायला लागली. न कळून चूक झाली असती तर तिने चार शब्द सुनावून सोडून दिलं असतं. पण त्याला माहीत होतं. घसरल्यावर तर नक्कीच आठवलं असणार. म्हणून तर 'आईला सांगू नकोस'. कारखान्यात एखाद्या कामगाराने अपघात असा दडवला असता, तर याने त्याला गेटाबाहेर काढलं असतं.

शुक्रवारी उजाडताना जयप्रकाश जॅकेट घालून शीळ घालत पार्किंगमध्ये उतरला. मागून जांभया देत नीरजा. पिवळ्या गाडीजवळ जाऊन तो जागीच थबकला. पुढच्या चाकाच्या आऱ्यांतून जाड साखळी ओवलेली होती, साखळीला लाल कुलूप आणि कुलपाला त्याचीच धोक्याची पाटी. पाटीवर मार्करने लिहिलं होतं: सुचित्रा.

"हा काय चावटपणा आहे?" तो ओरडला. सुचित्रा शाल गुंडाळून जिन्याच्या पायरीवर उभी होती. "लोक सिग्नलला थांबलेत माझ्यासाठी! किल्ली दे."

"ज्याने लावलं त्यानेच काढायचं."

"सुचित्रा, मस्करी पुरे."

"मस्करी तुम्ही केलीत. काश्मीरची." तिचा आवाज चढला. "सिराजने सांगितलं होतं ना? तरी तिला शेजारी बसवलंत! वर तिला खोटं बोलायला शिकवलंत! मला स्टुलावर बूट घालायला लावता आणि पोरीला त्या कडक रबरावर बसवून नेता? लाज नाही वाटत?"

वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. जयप्रकाश लालबुंद झाला. त्याने मोठ्या गाडीच्या डिकीतून कटर काढला आणि चाकाशी उकिडवा बसून साखळी कटरच्या जबड्यात धरली. साखळी काही फार मजबूत नव्हती.

"आई, त्यांना सांगितलं होतं म्हणजे?" नीरजाने विचारलं.

"विचार त्यांनाच."

नीरजा वडिलांकडे बघत राहिली. कटर धरलेल्या हातांसमोर ती पाटी थंड वाऱ्यावर हलत होती.

"बाबा, यू न्यू?"

त्याने पाटी हाताने बाजूला सारली. नीरजा गेली आणि मोठ्या गाडीत, मागच्या सीटवर जाऊन बसली. दार तिने आपटलंच.

त्याचा फोन वाजत राहिला, संग्रामचा. तो वाजून बंद पडला. जयप्रकाशने कटर खाली ठेवला. उठता उठता त्याने टायरवर अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. नख रुतलं नाही.

"सिराज काय म्हणाला, कुठले घालायचे?" त्याने तिच्याकडे न बघता विचारलं.

"तुम्हाला सांगितले होते तेच," सुचित्रा म्हणाली आणि किल्ली मुठीत घेऊन जिना चढू लागली.