भाड्याच्या झेंडूखालचा भोपळा

बोरिवली पूर्वेला आमच्या शाळेमागे, पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी आहे. मी शाळेत नोकरीला लागले तेव्हापासून तिथे मोडके बाक, गॅदरिंगचे प्लायवूडचे किल्ले आणि एक बंद पडलेला वॉटर कूलर सुखाने नांदत होते. मग आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, दोन दिवस कुठल्याशा कार्यशाळेला गेल्या आणि 'निसर्गवर्ग' हा शब्द घेऊन परत आल्या. कार्यशाळेहून माणूस एक फोल्डर, एक पेन आणि एक शब्द घेऊन येतो. पेन दोन दिवसांत बंद पडतं. शब्द मात्र वर्षभर आमच्या मानगुटीवर बसतो.

आधी फलक आला. हे नीट लक्षात घ्या, आधी फलक. 'निसर्गवर्ग : मातीतून शिक्षणाकडे', आणि त्याच्याखाली हसणारा सूर्य, हसणारं फूल, हसणारं गांडूळ. माती अजून यायची होती. फलकाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर पडला मात्र, सगळे जागे झाले. मातीत जंतू असतात, ग्लोव्ह्ज शाळा देणार का? युनिफॉर्म मळला तर डायरीत रिमार्क येणार का? एका वडिलांनी तर अगदी गंभीरपणे विचारलं, की झाडी वाढल्यावर नॅशनल पार्कातून बिबट्या येणार नाही ना. त्या पट्टीत बिबट्या शिरलाच असता तर बाहेर पडायला त्याला रिव्हर्स घ्यावा लागला असता, हे मी टाइप केलं आणि पुसलं. नोकरी टिकवायची तर बरंच काही टाइप करून पुसावं लागतं.

तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. बाग तिसरीला 'दत्तक' देण्यात आली, म्हणजे काम माझ्या गळ्यात पडलं. मुलांनी घरून बिया आणल्या. मेथी आली, धने आले, चवळी आली, एकाने खारे शेंगदाणे आणले. तेही मी लावू दिले. ते का उगवले नाहीत यावर पोरं आठवडाभर भांडली. माझ्या सगळ्या नोकरीतला विज्ञानाचा पहिला खरा तास तोच असावा.

त्या वर्गात एक मुलगी होती. दहिसर चेकनाक्याजवळून यायची, अबोल. तिसरीत पोचली तरी तिला धड वाचता येत नव्हतं. फळ्यावरचं चित्र काढल्यासारखं उतरवून घ्यायची, पण स्वतःच्या मनाने एक ओळ लिहायची नाही. तिच्या आईला बोलावून 'हिला याच वर्गात परत बसवू या' असं सांगायचं मी मनाशी ठरवलं होतं. तिने भिंतीच्या कडेला लाल भोपळ्याची बी लावली. मी तिला एक कोरी वही आणि मोजपट्टी दिली आणि सांगितलं, रोज मोज आणि लिही. म्हटलं, आकडे तरी लिहील.

चार दिवस आकडेच होते. पाचव्या दिवशी आकड्यापुढे लिहिलेलं होतं, 'पान आलं'. मग 'दोन पानं, एक किडा'. मग 'किडा गेला'. आणि एके दिवशी अख्खं वाक्य, 'भोपळा भिंत पकडतो'. मला इतका आनंद झाला की स्टाफरूममध्ये मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. दोघींनी 'छान' म्हटलं, तिसरीने डबा उघडला. पण मला कळून चुकलं होतं, की वेल वाढेल तशी ही पोरगी लिहीत जाणार. आईला बोलवायचं मी लांबणीवर टाकलं.

अशात पत्र आलं. निसर्गवर्ग पाहायला समिती येणार होती. मोठ्या बाई बागेत आल्या आणि त्यांचा चेहराच पडला.

"अगं, ही बाग आहे का? मेथी वाकडी, चवळी कुठेही चाललीय, आणि तो वेल बघ, नुसता भिंतीवर सुटलाय."

"बाई, वेल भिंतीवरच जातो."

"ते कळतं गं मला. पण फलक झाकला जातोय ना!"

खरंच झाकला जात होता. भोपळ्याच्या एका पानाने हसणाऱ्या सूर्याचा डोळा बंद केला होता. समितीला निसर्ग दिसला नसता तर चाललं असतं, फलक दिसणं आवश्यक होतं. मग लग्नाच्या हॉलना कुंड्या भाड्याने देणाऱ्या एका नर्सरीतून झेंडू, क्रोटन आणि अरेका पाम आले. कुंड्या काठापर्यंत मातीत पुरायच्या आणि वरून माती पसरायची, म्हणजे झाडं जमिनीतून उगवल्यासारखी दिसतील, असं ठरलं. शनिवारी शाळा सुटल्यावर शिपाईमामांनी मेथी उपटली, चवळी उपटली आणि वेलाला हात घालण्याआधी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हा पण?"

राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. मोठ्या बाई शेजारी उभ्या होत्या. मी मान हलवली. ती 'हो' अशीच हलली.

सोमवारी ती मुलगी मोजपट्टी घेऊन आली. "बाई, माझा वेल?"

"झेंडूच्या खाली आहे गं. पाहुणे गेले की वर येईल."

मुलांना थापा मारण्यात आम्हा शिक्षकांचा हात कोणी धरू शकणार नाही. ती 'बरं' म्हणाली आणि वहीत लिहिलं, 'भोपळा खाली आहे'.

मग तालीम सुरू झाली. निसर्गवर्गाची तालीम वर्गात, कारण बागेत मुलं गेली तर कुंड्या उघड्या पडल्या असत्या. पाहणीची आमच्याकडे एक जुनी रीत आहे. प्रश्न आला की अख्ख्या वर्गाने हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. बाई फक्त उजव्या हाताला उठवतात आणि पाहुण्यांना वाटतं, काय हुशार वर्ग आहे! माझ्या पहिल्या वर्षी एका ज्येष्ठ बाईंनी मला हे शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली पोरं बाकी काही विसरली असतील, उजवं-डावं विसरली नसतील.

समितीत दोन गृहस्थ होते आणि एक हातमागाच्या साडीतल्या बाई. वर्ग बागेपुढे उभा केला होता. मूळ काय करतं, पान काय करतं, सगळं झकास पार पडलं. मग त्या साडीतल्या बाई मुलांजवळ उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "इथलं कुठलं झाड तुम्ही स्वतः लावलंय?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. पोरं शिकवल्याप्रमाणे वागली. सगळ्या वर्गाचे डावे हात वर गेले, आणि मागून एक उजवा. माझ्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "हं, तू सांग." त्या मुलीने वर्षभरात पहिल्यांदा उजवा हात वर केला होता, आणि मला वाटली ती भीती. याची लाज मला अजून वाटते.

ती सरळ झेंडूकडे गेली. "माझा भोपळा. खाली आहे. बाईंनी सांगितलं." आणि दाखवायचा म्हणून तिने दोन्ही हातांनी झेंडू ओढला. झेंडू कुंडीसकट वर आला. कुंडीवर नर्सरीचा पत्ता पिवळ्या रंगात ठळक लिहिलेला होता. तिने खड्ड्यात हात घालून चाचपून पाहिलं. मग दुसरा झेंडू काढला. मग तिसरा. तिला कोणी थांबवेना, कारण थांबवायचं तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

मोठ्या बाई सावरल्या. "हे आमचं फिरतं उद्यान आहे सर. मुलं कुंड्या हलवून ऊन-सावलीचा अभ्यास करतात."

"वा! पोर्टेबल!" समितीतले एक सर खूश झाले. "हे लिहून घ्या."

साडीतल्या बाईंनी खड्ड्याकडे पाहिलं, मुलीच्या हातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता या विचारणार. मग त्याही वडे खायला गेल्या. 'नावीन्यपूर्ण उपक्रम' असा शेरा मिळाला आणि त्याचं प्रमाणपत्र ऑफिसात लागलं. कुंड्या त्याच संध्याकाळी टेम्पोतून परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी वही आणि पट्टी माझ्या टेबलावर होती. तेव्हापासून ती पुन्हा फळ्यावरचं उतरवून घेऊ लागली, सुबक अक्षरात, एकही चूक न करता. तिच्या आईला मी बोलावलं नाही. कोणत्या तोंडाने बोलावणार?

आठवड्याने मी घरच्या भोपळ्यातल्या बिया धुऊन वाळवून नेल्या. मधल्या सुट्टीत तिला त्या रिकाम्या पट्टीत घेऊन गेले आणि सांगितलं, की वेल मी काढू दिला, वर तुझ्याशी खोटं बोलले, चूक माझी होती. मी बिया तिच्या हातावर ठेवल्या. म्हटलं, पुन्हा लाव, मी पण रोज येईन.

तिने बियांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाहुणे परत कधी येणार, बाई?"

"माहीत नाही गं," मी म्हटलं. या वेळी खरं तेच सांगितलं.

तिने थोडा विचार केला, आणि बिया माझ्या हातावर परत ठेवल्या.