उकंडरावांच्या हातात सरदारचा दोर

धामणगाव बढ्याचे उकंडराव किराणावाले तसे शूर गृहस्थ. पोत्यामागून साप निघाला तरी गिऱ्हाईकाची साखर आधी तोलतील, मग काठी शोधतील. फक्त बैलाचं नाव काढू नका.

आईवडिलांची आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून पुढच्या दोघांची नावं कचरू आणि उकंडा, म्हणजे उकिरडा, अशी ठेवली. यमाला किळस यावी, एवढाच हेतू. यम फसला, बैल फसला नाही. लहानपणी एका गोऱ्ह्याने उकंडरावांना शिंगावर घेऊन कडब्याच्या गंजीवर भिरकावलं. तेव्हापासून पन्नाशी उलटली, तरी समोरून बैलगाडी दिसली की ते जवळच्या घरात शिरून पाणी मागत. गावात त्यांच्याइतकं पाणी कुणीच पीत नसे.

यंदा पोळा तोंडावर आला आणि थोरले कचरूभाऊ शेताच्या धुऱ्यावरून घसरले. पाय प्लास्टरात. आजोबांपासून पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिली बैलजोडी त्यांच्या घरची जायची. पण गावाची रीत अशी, की दोर घरच्याच माणसाच्या हातात हवा. सालदार गडी चालत नाही. कचरूभाऊंचा मुलगा अविनाश पुण्याला नोकरीत अडकलेला.

“उकंड्या, दोर तुलेच धरा लागते.”

“मले? मंग दुकान कोन पाहीन दादा?”

“पोयाले दुकान बंद रायते बे!” कचरूभाऊ खाटेवरून हसले, मग गोठ्याकडे पाहत म्हणाले, “वासरापासून वाढोलं म्या त्याईले. सनाच्या दिवशी गोठ्यात बांधून ठिवू काय?”

उकंडरावांना रात्रभर झोप नाही. सकाळी बायको आशाबाई म्हणाल्या, “अवो, रोज थोडं थोडं जवळ जा ना. बैल काय खाऊन राह्यला तुमाले?”

“खात नाही, फेकते!”

पण गेले. आधी गोठ्याच्या दारात बसून आले. मग लांबूनच कडबा फेकला, तो सगळा स्वतःच्याच डोक्यावर पडला. मग जोडीतल्या मोतीच्या शेपटीला बोट लावून इतक्या ऐटीत घरी आले, की आशाबाईंनी ओवाळायचंच बाकी ठेवलं. मोती गरीब होता. खरा प्रश्न दुसऱ्या बैलाचा, सरदारचा होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि कानात दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. उकंडराव तुपाची वाटी घेऊन सरदारजवळ पोचले. सरदारने जोरात फुस्स केलं. आवतणाचे शब्द पळाले आणि उभा जन्म गल्ल्यावर घालवलेल्या माणसाच्या तोंडून आपोआप निघालं, “या या सरदारभाऊ! काय देऊ? घाई नाही, निवांत पाहा.”

सरदारने कान हलवला आणि मान खाली घातली. उकंडराव बोलत राहिले, बोलता बोलता खांदा चोळत राहिले. बाजेवरून कचरूभाऊ ओरडले, “आवतन दे बे, तूरदाय नोको इकू!”

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,” उकंडराव पुटपुटले. आवाज चिरका होता, पण हात खांद्यावरच होता.

दुसऱ्या दिवशी वेशीत अख्खा गाव जमला. कचरूभाऊंना खुर्चीसकट उचलून पारावर आणलं होतं. झुली घातलेली जोडी घेऊन उकंडराव तोरणासमोर उभे राहिले. पायजमा वाऱ्याशिवाय हलत होता. तेवढ्यात कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. सरदारने असा हिसका दिला, की पुढची रांग मागे पळाली. दोर तळहाताला सोलत गेला, उकंडराव गुडघ्यावर आले. पण दोर सुटला नाही.

“हाव भाऊ, मीबी भेलो,” ते सरदारच्या गळ्याशी म्हणाले. “दोघंबी भेलो. चाला आता.”

आणि दोघं चालले. मोती मागोमाग. तोरणाखालून पहिली जोडी गेली, तेव्हा पारावर कचरूभाऊ टोपीने डोळे पुसत होते आणि धुरामुळे पाणी आलं म्हणून फटाकेवाल्याला शिव्या देत होते.

घरासमोर आशाबाईंनी बैलांच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं. मग नवऱ्याचा हात पाहिला. मूठ उघडतच नव्हती. त्या एकेक बोट सोडवू लागल्या.

“द्या आता तो दोर सालदाराले. झालं ना तुमचं?”

उकंडरावांनी मूठ परत मिटली. “थांब वं. जोडी घेऊन गल्लीतली घरं फिराची हायेत अजून.”