बिनपिनीची बकेट

साइटवर तिला सगळे मिरची म्हणायचे आणि ते नाव तिला शोभायचंही. बाई पोकलेन चालवणार म्हणून सुरुवातीला दात काढणारे आता तिच्याशी शब्द तोलून बोलत. तिचं लक्ष मात्र एकट्या मुकादमावर. त्याच्या घाईपायी तिच्या दादाचे दोन्ही पाय गेले होते, आणि वर हाच शहाणा साइटभर सांगत सुटला, "त्याचीच चूक. मशीनखाली उभं राहतं का कुणी?" चोराच्या उलट्या बोंबा!

मशीन तिला दादानंच शिकवलं, खाटेवर बसून, स्वतःचा हात पुढे करून. "खांदा ते कोपर, बूम. कोपर ते मनगट, आर्म. पंजा म्हणजे बकेट. मनगटाच्या जागी कपलर, तो बकेट धरतो."

"आणि मागचं ते धूड?"

"काउंटरवेट. ते नसेल तर मशीन तोंडावर आपटेल. पण ध्यानात ठेव, बकेट बदलली की केबिनमधून उतरून कपलरला पिन घालायची, नाहीतर बकेट निसटू शकते. कितीही घाई असो."

"मग त्या दिवशी?"

"ऑपरेटर उतरतच होता. मुकादम ओरडला, राहू दे पिन. मी खाली चरात पाइप लावत होतो."

ती शिकली, परवाना काढला आणि मुद्दाम त्याच मुकादमाच्या हाताखाली कामाला लागली. त्यानं तिला ओळखलं नाही. ज्याचे पाय घेतले त्यालाच विसरलेला, त्याच्या बहिणीला काय ओळखणार! तो समोर दिसला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तरी ती दात-ओठ खात मशीन चालवत राहिली.

एक दिवस मालक काम बघायला आले. चर खणायला तिनं अरुंद बकेट लावली आणि उतरायला दार उघडलं.

"पिन राहू दे गं! मालक उभे आहेत," मुकादम खेकसला.

ती परत बसली. मोकळ्या जागेवर बकेट उंच नेऊन थांबवली आणि खिडकीतून म्हणाली, "राहू देते. तुम्ही फक्त बकेटखाली येऊन उभे राहा."

"चेष्टा करतेस?"

"पिन लागत नाही ना? मग या की."

फावडी थांबली. मालकही बघायला लागले. मुकादम दोन पावलं पुढे आला, वर बघितलं आणि जागीच थिजला. यावं त्यानं, अजून थोडं यावं, असं तिला मनापासून वाटलं. लाज नाही वाटली.

"खाली घे ती," तो पुटपुटला. "बिनपिनीची बकेट कधी सुटेल, नेम नाही."

"चरात पाइप लावणाऱ्या माझ्या दादावर सुटली, तेव्हा पिन राहू दे कोण म्हणालं होतं?"

आता कुठे त्यानं तिचा चेहरा नीट बघितला. मालकांनी विचारलं, "कोण म्हणालं होतं?"

"मी," मुकादम म्हणाला. आत्ताच सगळ्यांदेखत तेच बोलल्यावर पलटायला जागा नव्हती.

तिनं बकेट जमिनीला टेकवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरली. एवढ्यानं तिचं पोट भरलं नव्हतं.

"आता घरी चला. हेच दादाच्या तोंडावर बोला. तो उठून उभा राहणार नाही, तेवढं चालवून घ्या."