इंद्रायणी काय खात नाही याची यादी

१९५७ च्या दसऱ्याला उद्धवराव थेरगावात आले आणि उंबऱ्यातच त्यांनी आपल्या मुलीचं वजन केलं. नुसत्या डोळ्यांनी. ते बार्शीच्या बाजारात तोलार होते. तीस वर्षं पोती तोलून त्यांची नजरच काटा झाली होती.

"लगीन लागलं तवा सव्वा मणाची होती," ते म्हणाले. "आता पाच शेर कमी हाय."

इंद्रायणीने पदर ओढला. उद्धवरावांनी सोनं दिलं, पाणी घेतलं आणि निघताना जावयाकडे न बघता सांगितलं, "दिवाळीला न्यायला येतो. परत धाडायची का न्हाई, ते तवा बघू."

जावई म्हणजे भिमाजी. माझा घरमालक आणि मित्र. सहा फूट उंच, पिंपरीच्या नव्या कारखान्यात मोटार चालवणारा. पाहुणे आणायचे, पोचवायचे. गाडी पुसायला फडकं मिळालं नाही तर डोक्याची टोपी काढून पुसायचा, मग तीच टोपी झटकून घालायचा. समोर येईल ते चार घासांत संपवायचा. भाजी कशी झाली म्हणून विचारलं, तर कुठली भाजी होती ते त्याला आठवावं लागे. असा माणूस, आणि त्याच्या नशिबी काही म्हणजे काहीच न खाणारी बायको.

मी नाशिकहून बी.ए. होऊन आलो होतो. कारखान्याच्या हजेरी खात्यात कारकून होतो आणि भिमाजीच्या पडवीतल्या खोलीत राहायचो. जेवण त्यांच्याकडेच. गाव मला 'बीए' म्हणे.

त्या घराची एक रीत होती. कुठलीही गोष्ट तिथे एकदाच बोलली जाई. भिमाजीची आई गोजाबाई बैलालासुद्धा दुसरी हाक मारत नसे. पहिल्या रात्री त्यांनी मला विचारलं, "भाकरी?" मी पाहुण्यासारखा म्हणालो, "नको, पुरे." त्यांनी टोपली उचलून आत नेली. मी उपाशी झोपलो. दुसऱ्या दिवसापासून सुधारलो.

हे माझ्या अंगावरून गेलेलं होतं. तरी पुढचं मला कळलं नाही. याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

उद्धवराव गेल्यावर गोजाबाई चुलीपाशी बसून राहिल्या. त्या सुनेवर रागावल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या.

"बीए, कागद घे," त्या म्हणाल्या. "हिला काय काय चालत न्हाई, समदं लिव्ह. डाक्तरला दावू."

मी लिहायला बसलो. गोजाबाई बोटं मोडत सांगू लागल्या. पोहे. शिरा. पुरी. बटाट्याची भाजी. दही. केळं. मेथी. वांगं. अंडं तर पहिल्याच आठवड्यात नको म्हणाली. दुधाची साय नको. गूळ-तूप नको. पुरणपोळीशी येऊन त्यांचं बोट थांबलं.

"पुरणाची पोळी नको म्हनणारी बाई मी बघितली न्हवती रं."

"मग ती खाते काय?"

"येक भाकरी. कोरड्यास जे असंल ते. तेबी आमी उठल्यावर."

एकूण तेवीस पदार्थ झाले. भिमाजीने तो कागद घडी करून टोपीत ठेवला आणि दोन दिवस डोक्यावर घेऊन फिरला.

मग एका संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला. चेहरा उजळलेला.

"बीए, लोनावळ्याला चल."

लोणावळ्यात एका पारशीणबाईंचं विश्रामगृह होतं. कारखान्याचे पाहुणे तिथे उतरत. भिमाजी दर फेरीला पुण्याहून त्यांच्यासाठी बेकरीचा पाव न्यायचा, म्हणून बाईंची त्याच्यावर मर्जी होती. तिथली सकाळची न्याहारी त्याने खिडकीतून बघितली होती.

"लांबच्या लांब टेबल. त्यावर ईस-पंचीस जिनसा. ज्याला जे पायजे ते त्यानं घ्यायचं. इतक्यात हिला येक तरी चालंल का न्हाई? निदान कळंल तरी काय आवडतं. मंग आई तेच रांधंल."

"आणि त्यातलं काहीच नाही चाललं तर?"

"म्हनून तर आदी तू बघून ये. तू शिकल्याला."

दोनच दिवसांनी तो पाहुणे सोडायला गेला तेव्हा मी रजा काढून पुढच्या सीटवर बसलो. बाईंनी मला त्या दालनात उभं राहू दिलं. मी असं टेबल कधी पाहिलं नव्हतं. पांढरी चादर, चांदीसारखी झाकणं, प्रत्येकाजवळ एक पळी. पाहुणे बशी घेऊन आरतीला फिरल्यासारखे भोवती फिरत होते. मी टोपीतला कागद मागून घेतला आणि एकेक झाकण उचललं. पोहे, यादीत पहिल्याच ओळीत. शिरा, आहे. पुरी-भाजी, आहेत. आम्लेट, म्हणजे अंडं. दही, केळी, साय. सगळं आहे.

बाहेर येऊन मी निकाल दिला.

"पपई आणि चहा."

"बस?"

"एक कसलीशी पांढरी लापशी आहे. ती साहेबसुद्धा घेत नव्हते."

भिमाजीने बराच वेळ टोपीने गाडीची काच पुसली. काच आधीच स्वच्छ होती.

"मी नको म्हणेन," मी सांगितलं. "उगाच तिथे चारचौघांत तिला अवघडल्यासारखं होईल."

"पपई खाईल की," तो म्हणाला. "रविवारी जाऊ."

गोजाबाईंनी अडवलं नाही. "सायबाच्या मेजावर तरी काय गोड लागतंय का बघा," म्हणाल्या. सुनेच्या केसांत त्यांनी अबोलीचा गजरा माळला. बीएनेही सोबत जावं असं ठरलं. आम्ही चिंचवडला पहाटेची पॅसेंजर पकडली. इंद्रायणी खिडकीशी बसली. तळेगाव येईपर्यंत दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. मळवलीला भिमाजी म्हणाला, "थंडी वाजते का?" ती म्हणाली, "नाही." त्याने टोपी नीट बसवली.

विश्रामगृहात त्या दिवशी पाहुणे कमी होते. बाईंनी तिच्या हातात बशी दिली आणि आपल्या कामाला निघून गेल्या. इंद्रायणी टेबलासमोर उभी राहिली. कुणीतरी येईल म्हणून थांबली. कुणी आलं नाही.

"वाढणार कोण?" तिने हळूच विचारलं.

"कुनी न्हाई. आपलं आपुन घ्यायचं."

"कुणी विचारत पण नाही?"

"न्हाई."

तिने एकदा मागे वळून बघितलं. मग एक पुरी घेतली. मग भाजी. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. भिमाजीच्या समोरचा चहा गार होऊ लागला. तिने पुरी संपवली. उठली. पोहे आणले. ते संपवून शिरा आणला, भरपूर. मग आम्लेट. मी खिशातून यादी काढली आणि टेबलाखाली धरली. तिसरी ओळ. चौथी. पहिली. दुसरी. नववी. भिमाजी माझ्या खांद्यावरून वाचत होता.

"बीए," तो कुजबुजला, "ही यादी दुसऱ्याच कुनाची हाय."

पाचव्या खेपेला तिने दही आणि केळं आणलं. मग तिचं लक्ष आमच्याकडे गेलं. ती लाजली नाही. तोंडात घास होता.

"तो कागद कसला?"

भिमाजीने माझ्याकडे बघितलं. मी वाचून दाखवलं. पोहे, शिरा, पुरी, सगळे तेवीस. पुरणपोळीला येईपर्यंत तिचे डोळे मोठे झाले होते.

"हे मला चालत नाही असं कोण म्हणालं?"

"तूच म्हनाली की," भिमाजी म्हणाला. "आई इचारती, तू नको म्हनती."

"अहो, पण एकदाच विचारतात!"

"मंग किती डाव इचारायचं?"

"तीनदा." हे सगळ्या जगाला ठाऊक असल्यासारखं ती म्हणाली. "आमच्याकडं पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं. पहिल्याच शब्दाला हात पुढं करणारी सून म्हणजे हावरट. आईनं तसं बजावून धाडलंय. मी दुसऱ्यांदा विचारतील म्हणून वाट बघायची, तर आत्याबाई टोपली घेऊन आत. आणि एकदा नको म्हटलेली जिन्नस परत माझ्यापुढं आलीच नाही."

"सात म्हैनं?"

"सात महिने."

"मागायचं तरी."

"मागून खायचं? सासरी?"

भिमाजीने टोपी काढली. पुसायला काही नव्हतं. त्याने ती तशीच मांडीवर ठेवली. मग तो हसायला लागला. आधी आवाज न करता, मग इतक्या जोरात की एक साहेब वर्तमानपत्रामागून डोकावला. इंद्रायणीही हसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसून ती पुन्हा शिऱ्याकडे गेली. भिमाजी तिच्या मागे गेला. त्याने स्वतः पळी उचलली.

"घे."

"नको."

"घे की."

"नको."

"अगं घे!"

तिने बशी पुढे केली.

घरी आल्यावर भिमाजीने आईला सगळं सांगितलं. एकदाच. गोजाबाई मटकन खाली बसल्या.

"आगं माजे बाय," त्या म्हणाल्या, "मला वाटलं, नको म्हनणाऱ्याला पुन्हा इचारनं म्हंजी त्याच्या तोंडाला खोटं पाडनं."

त्यांनी यादी मागून घेतली. डॉक्टरला दाखवायला नाही. चुलीमागच्या कोनाड्यात ती खोचून ठेवली, आणि रोज माझ्याकडून पुढच्या दोन ओळी वाचून घेऊन ते पदार्थ करू लागल्या. मात्र तीनदा विचारायचा धीर त्यांच्यात नव्हता. त्या एका श्वासात म्हणायच्या, "घे-घे-घे!" आणि वाढून मोकळ्या व्हायच्या. त्या घाईत माझ्याही ताटात पडायचं. माझी विजार दोनदा उसवली.

तरी भिमाजीचा जीव टांगणीला होता. यादी संपायला आली होती, पण दिवाळीही आली होती. तो बायकोकडे येताजाता मालाच्या ट्रकाकडे बघावं तसा बघायचा. "बीए, पाच शेर भरली असंल का रं?" मी म्हणायचो, मला काय ठाऊक, मी साहित्याचा.

धनत्रयोदशीला उद्धवराव आले. उंबऱ्यात थांबले. इंद्रायणी समोर आली. त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, डोळे बारीक केले.

"तीन शेर भरली," ते म्हणाले. "दोन शेर अजून तूट हाय."

भिमाजीचा चेहरा पडला. गोजाबाई माजघरातून धावत आल्या. हातात ताट, ताटात पुरणपोळी. यादीतली शेवटची ओळ त्यांनी आजच्यासाठी राखून ठेवली होती.

"व्याही, घ्या-घ्या-घ्या!"

उद्धवरावांना 'नको' म्हणायला फटच मिळाली नाही. ते पोळी हातात घेऊन उभे राहिले. त्यांनी विहिणीकडे बघितलं, मग लेकीकडे. लेक तोंडाला पदर लावून हसत होती. ते जरा वेळ तसेच बघत राहिले. तोलाराला काटा स्थिर होईपर्यंत थांबायची सवय असते.

"भाऊबीज झाली की परत आणून सोडू का गं?" त्यांनी तिला विचारलं.

बार्शीच्या रीतीने तिने अजून दोनदा विचारू द्यायला हवं होतं.

"व्हय," इंद्रायणी पहिल्याच शब्दाला म्हणाली.