ती चालत न्हाई

त्या अष्टमीला देवीवरचा माझा विश्वास उडायलाच आला होता. माझी लेक सात वर्षांची. जन्मापासून पायांत ताकद नाही. उपचारांसाठी तिला कडेवर घेऊन एसटीने आटपाडीहून सांगलीला जाऊन-येऊन मी थकले होते, आणि त्याहून जास्त विटले होते आमच्या गल्लीला. सकाळपासून घरोघरी कुमारिकांचे पाय धुऊन त्यांना जेवू घालत होते. सगळ्या मुलींना बोलावणं आलं, माझ्या लेकीला नाही. कुमारिका अव्यंग लागते म्हणे! नवा परकर नेसून ती उंबऱ्यात बसली होती. "आई, मला कवा बोलावत्यात?" असं पुन्हा पुन्हा विचारत होती. भांडायचंही बळ माझ्यात उरलं नव्हतं.

दुपारी माण तालुक्याकडून आलेली एक अनोळखी आजी फडक्यात बांधलेला डबा घेऊन गल्लीत आली. कुमारिका जेवू घालून तिला उपास सोडायचा होता. पण घरोघरी जेवून तट्ट झालेल्या मुली तिला बघताच पळत सुटल्या.

"एक घास तरी खावा गं पोरीनो!"

"आजे, आता पोळी बघितली तरी वकारी येतीया!"

आजीची नजर माझ्या लेकीवर थांबली. तेवढ्यात समोरच्या वहिनी ओसरीवरून म्हणाल्या, "आवं आजी, ती चालत न्हाई."

त्या बोलण्यातले दोन्ही अर्थ मला लागले. आजीने मात्र डबा खाली ठेवला. "मग काय झालं? देवी कुठं चालतीया? आपूनच बसवतो की तिला."

तिने माझ्याकडे पाट मागितला. लेकीची वळलेली पावलं धुतली, हळदकुंकू लावलं, त्यांवर डोकं टेकलं. गुदगुल्या होऊन लेक खुदखुदली. "हसती बघ माझी आई," म्हणत आजीने तिला भरवलं, मग स्वतः उपास सोडला. मी नाव विचारायच्या आत ती एसटी गाठायला निघूनही गेली.

ती कोण, याचा शोध मी घेतला नाही. लेकीला चालव, हे वर्षानुवर्षांचं मागणं त्या दिवशी माझ्याकडून सुटलं. आहे तशी लेक मी मनोमन देवीच्या ओटीत घातली. पण शरण जायचं ते देवीला, माणसांनी पाडलेल्या रिवाजाला नाही. नवमीला न बोलावताच मी लेकीला घेऊन समोर गेले. वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"हिचे पाय धुवा, वहिनी."

त्यांनी लेकीच्या पावलांकडे पाहिलं, दारातून बाजूला झाल्या. मग आत वळून सुनेला म्हणाल्या, "पाणी आण गं."

लेकीला मांडीवर घेऊन मी ओसरीवर बसले. थकवा गेला नव्हता. हात तेवढे आपोआप जुळले.